हात आणि हातोडा – लेखांक 7 : मठारकाम आणि त्याची घडणावळ

तांब्याच्या घंगाळावर एकाला एक लागून बसलेले चकाकते ठसे दिसतात, त्याला मठार म्हणतात. गिऱ्हाईक त्याला नक्षी समजतं आणि दुकानदारही नक्षी म्हणूनच विकतो. मुळात मठार हे भांड्याला ताठपणा आणणारं काम आहे. ठोके बसले नाहीत, तर एवढं मोठं घंगाळ भरल्यावर दोन्ही कड्यांना धरून उचलताना वेडंवाकडं होईल.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून चालतं. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कुटुंबांची ही वस्ती. हंडे, तपेली, घंगाळं आणि सर्वांत नावाजलेला तो पाणी तापवायचा बंब, हा त्यांचा माल. न्हाणीघरात गीझर आला आणि बंबाची मागणी आटली. आता त्याच हातांतून दिव्यांच्या शेड, फळांची ताटं, कुंड्या निघतात. पंजाबात जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या पितळ-तांब्याच्या भांडीकामाला युनेस्कोने 2014 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण यादीत नाव आलं म्हणून भांड्याला भाव मिळतो असं नाही, आणि आज मला भावाबद्दलच जास्त बोलायचं आहे. त्याआधी काम समजून घेऊ, कारण भाव कामातूनच निघतो.

नवशिक्याने 30 सेंटिमीटर व्यासाची, 1 मिलिमीटर जाडीची चकती घ्यावी. गेल्या आठवड्यात गेजचा हिशोब पाहिलाच: आकडा वाढला की पत्रा पातळ. हत्यारं थोडीच लागतात. पत्रा कापायची कातर, लाकडी मोगरी, गुळगुळीत तोंडाचा हातोडा, वर उथळ खळगा कोरलेलं जड खोड, एक घट्ट रोवलेला लोखंडी टेकू, गॅसची शेगडी आणि पाण्याची बादली. चकती खळग्यावर धरून मोगरीने गोल गोल ठोकत गेलं की ती खोलगट व्हायला लागते.

थोड्या वेळाने तांबं ऐकेनासं होतं. ठोक्यांनी धातूचे कण आतल्या आत दबतात, सरकतात, एकमेकांत अडकतात आणि पत्रा कडक होतो. तसंच रेटत राहिलं तर काठाला चीर जाते. म्हणून तो तापवायचा. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसेल इतकाच. तांबं 1085 अंशांना वितळतं, तिथवर जायचं नाही. मग सरळ पाण्यात. पोलाद असं विझवलं तर कठीण होतं, तांबं मऊच राहतं. लोहारकाम करून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. पाण्यात टाकल्याने वरची काळी खपली सुटते हा वरकड फायदा. उरलेली चिंचेच्या कोळाने घासून निघते. ठोका, तापवा, विझवा, पुन्हा ठोका. खोल भांड्याला असे कितीतरी फेर होतात.

शेवटी मठार. भांडं टेकूवर पालथं घालून, बुडाच्या मध्यापासून सुरुवात करून काठापर्यंत एकेक ठोका मागच्या ठोक्याला किंचित चाटून मारायचा. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं. त्यावर एक ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यात भांड्यावर उमटेल. आणि मठारल्यावर भांडं पुन्हा तापवायचं नाही. तापवलं की ठसे तसेच दिसतील, पण कमावलेला कडकपणा जाईल. यंत्रावर दाबून काढलेल्या नकली मठाराला बाहेर जिथे खळगा तिथेच आत बहुधा उंचवटा असतो. हातकामात टेकू गुळगुळीत असल्यामुळे आतली बाजू बरीच सपाट लागते. बोट फिरवून पाहावं.

आता पैसे. तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. गिऱ्हाईक तिला रास्त मानतं, कारण पुढेमागे मोडीत किती येतील ते त्याला कळतं. कारागिराला मात्र ती मारते. आपल्या चकतीचं वजन 633 ग्रॅम. पण ती 30 सेंटिमीटरच्या चौकोनातून कापलेली, आणि त्या चौकोनाचं वजन 806 ग्रॅम. चार कोपऱ्यांतलं 173 ग्रॅम मोडीत जातं. हिशोबापुरता पत्रा किलोला 1,000 आणि मोड 700 रुपये धरू. पत्र्याला 806 गेले, कोपऱ्यांचे 121 परत आले. माल पडला 685 रुपयांना. गॅस आणि सफाईचे 60. नवशिक्याला पाच तास सहज लागतात. तासाला 150 प्रमाणे 750. एकूण 1,495. यात नफा नाही, जागेचं भाडं नाही, बिघडलेल्या भांड्याची भरपाई नाही.

हेच भांडं किलोला 400 रुपये घडणावळ लावून वजनावर विकलं, तर 885 रुपयांच्या आसपास येतात. माल आणि गॅस वजा जाता हातात 140 रुपये, म्हणजे तासाला 28. वजनावरची घडणावळ जाड पत्र्याच्या, सरळसोट भांड्याला ठीक आहे. पातळ पत्रा आणि जास्त ठोके असले की ती उलटी फिरते. मेहनत वाढते आणि दाम घटतो.

दुकानात ठेवायला द्यायचं तर आणखी एक खाच आहे. दुकानदार म्हणतो, मी 40 टक्के घेईन. अनेक जण 1,495 वर 40 टक्के चढवून 2,093 किंमत लावतात. दुकानदार आपले 40 टक्के विक्रीच्या किमतीतून कापतो, म्हणजे 837. हातात उरतात 1,256. खर्चही निघत नाही, 239 रुपये खिशातून गेले. इथे 1,495 ला 0.6 ने भागायचं. 2,492 येतात. ही किंमत ऐकून तुमचीच जीभ अडखळेल, तर प्रदर्शनात टेबलावर हातोडा आणि अर्धवट ठोकलेली एक चकती ठेवा. लोक ती हातात घेऊन पाहतात, एखादा ठोका मारून बघतात, आणि घासाघीस बरीचशी तिथेच थांबते.

विकताना एक गोष्ट न विचारताही सांगायची: हे भांडं बिनकल्हईचं आहे, यात ताक, आमटी, लोणचं ठेवू नका. आंबटाने तांबं पदार्थात उतरतं. गिऱ्हाइकाला स्वयंपाकाला हवं असेल तर कल्हईची मजुरी वेगळी धरावी लागेल. कथील, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन ती घरच्या शेगडीवर कशी करायची, ते पुढच्या लेखांकात.