खासदारांचा हिशेब कसा वाचावा?



गेल्या महिन्यात खोडवा व्यवस्थापनाच्या मेळाव्यासाठी आम्ही एका गावी गेलो होतो. पाचट कुट्टीवर बोलून झाले, प्रश्न विचारा म्हटले, तर मागच्या रांगेतून एक वयस्क सभासद उठले. त्यांच्या नातवाने मोबाइलवर एक तक्ता काढून दिला होता. त्यात आपल्या भागातील खासदारांची हजेरी, प्रश्न आणि भाषणे यांचे आकडे होते. ते म्हणाले, "साहेब, उसाचं ऱ्हाऊ द्या जरा. ह्यात मतदानाचा रकानाच न्हाई. आमी मत दिलं, त्येंनी तिकडं कुनाला दिलं, ते कुटं लिवलंय?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्ही कसेबसे काही सांगून वेळ मारून नेली. नंतर थोडी माहिती काढली, ती येथे देत आहोत. आमचा पेशा उसाचा. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही व ते या अंकाचे कामही नव्हे.

पहिली गोष्ट अशी की, लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. कोणता आवाज मोठा ते ऐकून निकाल देतात. आपल्या वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणतात तोच प्रकार. यात कोण काय म्हणाले त्याची नावनिशीवार नोंद राहत नाही. एखाद्या सभासदाने निकालाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तर घंटा वाजते. साडेतीन मिनिटे ती वाजत राहते, म्हणजे आवारात असतील ते सदस्य धावत येतात. मग दारे बंद होतात आणि प्रत्येकाने आपल्या जागेवरचे बटण दाबायचे. हिरवे होकाराचे, तांबडे नकाराचे आणि पिवळे तटस्थ राहण्याचे. असे झाले तरच नावासकट नोंद होते.

२०२० सालचे तीन शेती कायदे सर्वांना आठवत असतील. राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, परंतु गोंधळात त्यातली दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे मागे घेतले, तेही दोन्ही सभागृहांत चर्चा न होता, आवाजी मतानेच. शेतकऱ्याच्या आयुष्यातला एवढा मोठा विषय, पण कोणत्या खासदाराने कोणते बटण दाबले असे विचाराल तर बटण दाबण्याची वेळच आली नाही. त्या आजोबांना रकाना सापडला नाही तो यामुळे.

घटनादुरुस्तीचे मात्र तसे नाही. तेथे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मत लागते, म्हणून मोजणी करावीच लागते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मते पडली. त्या दोनांपैकी एक मत महाराष्ट्रातले, तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते. हे आज कोणालाही नावानिशी सांगता येते.

आपल्या सहकाराशी थेट संबंध असलेली घटनादुरुस्ती म्हणजे ९७वी. डिसेंबर २०११ मध्ये ती संसदेत संमत झाली. तिच्यामुळे संचालकांची कमाल संख्या २१ ठरली, मुदत पाच वर्षांची झाली आणि निवडणुका घेण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा आली. तिला धरूनच २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपला सहकार कायदा बदलला. 'क्रियाशील सभासद' हा शब्द तेव्हा आपल्या कानावर आला आणि वार्षिक सभेच्या हजेरीपटावर सही करायला गर्दी होऊ लागली, ते यातूनच. गंमत अशी की, निम्म्या राज्यांची संमती घ्यायची राहिली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी या दुरुस्तीतला राज्यांच्या सहकारी संस्थांविषयीचा भाग रद्द ठरवला. राज्याचा कायदा मात्र राज्याचाच असल्याने सही करायची सवय मोडू नका!

आता दुसरी गोष्ट. नावासकट नोंद झाली तरी ते मत खासदाराचे स्वतःचे असेलच असे नाही. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाने आदेश, म्हणजे व्हिप, काढला आणि सदस्याने तो मोडला, तर पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून बहुतेक सदस्यांचे मत हे पक्षाचे मत असते. सांगलीची गोष्ट सध्या निराळी आहे. २०२४ मध्ये तेथून श्री. विशाल पाटील अपक्ष निवडून आले. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलो त्याचा व्हिप, ही भानगड अपक्षाला नाही. उलट निवडून आल्यावर अपक्षाने एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला, तर त्याचीही जागा धोक्यात येते. तेव्हा अपक्ष खासदाराने बटण दाबले तर ते त्याचेच, हे सांगली भागातल्या सभासदांनी ध्यानात ठेवावे.

एका मताची किंमत काय असते ते १७ एप्रिल १९९९ रोजी दिसले. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. तरीही मतांच्या नोंदीवरून सगळे कळते असे समजू नये. जुलै १९७९ मध्ये साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण विरोधी पक्षनेते होते. त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. चर्चा सुरू झाली, पाठिंबा गळत गेला आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. ठरावावर मत घ्यायची वेळच आली नाही. सातारच्या खासदाराच्या ठरावाने देशाचे सरकार गेले आणि मतांच्या रकान्यात शून्य!

आता हजेरीचे आणि प्रश्नांचे आकडे पाहू. येथे आम्ही स्वतःच फसलो होतो. २००९ ते २०१४ चा तक्ता पाहताना सांगलीचे खासदार श्री. प्रतीक पाटील यांच्यापुढे प्रश्नांचे आकडे दिसेनात. आम्ही लगेच मान हलवली. नंतर ध्यानात आले की ते तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होते. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो, आणि मंत्र्याला हजेरीची सहीही करावी लागत नाही. यशवंतराव गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळत होते. त्यांची वर्षे या मापाने मोजली तर ते काहीच करत नव्हते असे म्हणावे लागेल.

कालावधीही पाहावा लागतो. २०१९ च्या मे महिन्यात साताऱ्यातून श्री. उदयनराजे भोसले निवडून आले, सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्री. श्रीनिवास पाटील आले. एकाच लोकसभेत एका जागेवर दोन खासदार. एकाचे काही महिने, दुसऱ्याची साडेचार वर्षे. हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे आडसालीचे टनेज सुरूच्या उसाला लावण्यासारखे आहे. आडसाली शेतात सोळा-अठरा महिने उभी असते, सुरूची बाराव्या महिन्यात तोड येते. लागणीची तारीख विचारल्याशिवाय आम्ही उतारा काढत नाही.

मग पाहायचे काय? आमच्या मते प्रश्नांची संख्या नव्हे, तर प्रश्न. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात आणि २३० पर्यंत अतारांकित, ज्यांची उत्तरे लेखी मिळतात. सदस्याला किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि कोणता प्रश्न लागणार हे सोडतीने ठरते. म्हणजे चांगला प्रश्नही सोडतीत मागे राहू शकतो.

उसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. कारण एफआरपीवर लोकसभेत मतदान होत नाही. अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ यांच्या आधारे केंद्र सरकार ती आदेशाने ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरले, ते असेच. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला तोही आदेशाने. मूळ कायदा बदलला तेव्हाच विषय सभागृहापुढे येतो. ऑक्टोबर २००९ मध्ये अध्यादेश निघून जुनी एसएमपी गेली व एफआरपी आली, तेव्हा हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी शेतकरी दिल्लीत रस्त्यावर आले, संसद अडली आणि सरकारला त्यातले एक कलम मागे घ्यावे लागले.

प्राप्तिकराचे उदाहरण तर घरचेच. सहकारी कारखान्याने उसाला दिलेला जादा दर म्हणजे नफ्याची वाटणी, असे धरून वर्षानुवर्षे कराच्या नोटिसा येत होत्या. २०१५ च्या वित्त कायद्याने पुढच्या वर्षांपुरता मार्ग निघाला आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने मागच्या वर्षांचाही. सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. ते वित्त विधेयक २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेत गोंधळात, चर्चेविना संमत झाले. म्हणजे आपल्या हिताची एवढी मोठी गोष्ट ना कोणाच्या भाषणात दिसेल, ना मतात. ती घडली मागण्यांच्या निवेदनांतून आणि दिल्लीच्या हेलपाट्यांतून. हेलपाट्यांचा तक्ता कोणी ठेवत नाही.

खासगी विधेयकांचेही असेच. हातकणंगले मतदारसंघात आपल्या वाळवा-शिराळ्याचा भाग येतो. तेथले तेव्हाचे खासदार श्री. राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभावाचा हक्क अशी दोन विधेयके लोकसभेत मांडली. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ती बारगळली. देशात १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, तेव्हा नुसते 'संमत झाले का' एवढेच विचारले तर सगळेच नापास होतील.

भाषेची अडचण मात्र कोणी धरू नये. घटनेच्या १२०व्या कलमाने अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. १९५७ मध्ये साताऱ्यातून निवडून गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून घेतले जाते.

यावरून आम्ही एक ठरवले आहे. सभासदांचे प्रश्न गट ऑफिसात लिहून घ्यायचे आणि अधिवेशनाच्या आधी आपापल्या खासदारांकडे पाठवायचे. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैत आणि हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरात असते. नोटिशीची मुदत धरून निदान महिनाभर आधी कागद आमच्याकडे यावा. 'उसाला दर वाढवून द्या' हा प्रश्न नव्हे, ती मागणी झाली. 'महाराष्ट्रातील कारखान्यांची एफआरपीची थकबाकी गेल्या तीन हंगामांत वर्षवार किती होती, आणि चौदा दिवसांनंतरचे १५ टक्के व्याज किती शेतकऱ्यांना मिळाले?' हा प्रश्न झाला. खातेही नीट पाहावे. ऊसदर व साखर अन्न खात्याकडे, नवीन जाती व संशोधन कृषी खात्याकडे, इथेनॉलचा विषय पेट्रोलियमकडे. बहुराज्य संस्थांसाठी २०२१ पासून केंद्रात सहकार खाते आहे. कालव्याच्या पाळीचे आणि तोडणी टोळीचे गाऱ्हाणे दिल्लीला पाठवू नका. पाळीसाठी आमदार आहेत, टोळीसाठी आम्ही आहोत.

प्रश्न मराठीत, सुवाच्य अक्षरात, सभासद क्रमांक व गटाचे नाव घालून चिटबॉयकडे दिला तरी चालेल. त्या आजोबांचा प्रश्न आम्ही पहिल्या नंबरावर लिहून घेतला आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते