धोतरावर फेटा कोणता?

लग्नसराई सुरू झाली की लोणावळा, कार्ले, कामशेत परिसरात पुण्या-मुंबईची वऱ्हाडे उतरू लागतात. नवरदेवाने धोतर नेसावे, फेटा बांधावा, ही हौस शहरी घरांतही दिसते. मात्र धोतर एका दुकानातले, कुडता दुसऱ्या दुकानातला आणि फेटा ऐनवेळी कार्यालयाच्या दारात बांधून घेतलेला, अशी जुळवाजुळव झाली की छायाचित्रात काहीतरी खटकते. नेमके काय, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

या जोडीचा फार जुना दाखला मावळातच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची स्त्री-पुरुषांची युगुले कोरलेली आहेत. त्यांतील पुरुषांच्या कमरेला वस्त्र आहे आणि डोक्याला भरगच्च गुंडाळलेले पागोटे. अंगावरचा शिवलेला कपडा पिढ्यागणिक बदलत गेला. कमरेचे आणि डोक्याचे वस्त्र यांचे नाते मात्र टिकून राहिले.

हे नाते समजून घेण्यासाठी स्कॉटलंडकडे पाहता येईल. तेथे किल्टवर टाय कोणता लावावा, याचा असाच खल होतो. किल्ट मुळातच रंगीबेरंगी चौकड्यांचा. म्हणून टाय बहुधा एकरंगी निवडतात आणि चौकड्यांतलाच एखादा रंग त्याला घेतात. दिवसाच्या साध्या कोटावर लांब टाय, तर रात्रीच्या समारंभी कोटावर बो टाय, असा संकेत आहे. आपल्याकडे मांडणी उलटी आहे. धोतर पांढरे, म्हणून रंग डोक्यावर. सूत्र मात्र एकच : नक्षी एकाच ठिकाणी बोलू द्यावी, बाकीच्या वस्त्रांनी तिला साथ द्यावी.

त्यामुळे निवडीची सुरुवात धोतराच्या काठापासून करावी. काठ लाल असेल तर लाल किंवा केशरी फेटा शोभतो. हिरव्या काठाला हिरवा किंवा मोतिया. कुडता साधा असेल तर बांधणीचा किंवा लहरियाचा फेटा उठून दिसतो. अंगरख्यावर जरीकाम असेल तर फेटा एकरंगीच बरा. वऱ्हाडाला एका रंगाचे फेटे बांधायचे असतील, तर नवरदेवाचा रंग वेगळा ठेवावा; अन्यथा गर्दीत नवरदेव शोधावा लागतो.

फेटा आणि पगडी यांतील फरकही ध्यानात घ्यावा. फेटा दर वेळी नव्याने बांधला जातो. पगडी कारागिराने घडवून तयार केलेली असते. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी अंगरखा आणि उपरण्यासोबत खुलते. तुरा आणि शेमला असलेला कोल्हापुरी फेटा मुळातच ऐटदार. त्याच्यासोबत बाकीचा पोशाख साधा असावा.

कापडाचा विचार रंगाइतकाच महत्त्वाचा आहे. सुती कापड घाम टिपते आणि त्याच्या घड्या जागच्या जागी राहतात; गुळगुळीत कृत्रिम कापड सरकते. बोहल्यावर आणि नंतर होमापुढे तासन्‌तास बसायचे असते, तेव्हा आवळलेला फेटा डोकेदुखी ठरतो. शिवलेला तयार फेटा घ्यायचा झाल्यास आधी डोक्यावर घालून पाहावा. धोतर आणि कुडता आधी, फेटा त्यानंतर आणि मुंडावळ्या सर्वांत शेवटी, हा क्रम चुकवू नये. गळ्यातून घालायचा कुडता फेटा बांधल्यावर आठवला, तर मुहूर्त टळायची वेळ येते!

या सगळ्याच्या मुळाशी आहे तो मान. एके काळी हुंड्यापायी वधूपित्यावर वराकडच्यांच्या पायांवर पागोटे ठेवण्याची पाळी येत असे. डोक्यावरचे वस्त्र म्हणजे माणसाची अब्रू, हाच त्याचा अर्थ. म्हणूनच गावाकडचे एखादे आजोबा स्वच्छ धोतर, सदरा आणि पांढऱ्या टोपीत लग्नाला आले, तर छायाचित्रात रंग जुळावा म्हणून त्यांच्या डोक्यावर हट्टाने चमकीचा फेटा चढवू नये. त्यांना विचारावे. ‘बांधा’ म्हणाले, तर तो मानाने बांधावा. नाही म्हणाले, तर त्यांची टोपीच त्या धोतराला सर्वांत शोभणारी आहे, असे खुशाल समजावे.