रक्तदाबाचे दोन आंकडे

मागें माझा रक्तदाब १५२ वर ९४ निघाला. मला कसलाच त्रास नव्हता. तेव्हां यंत्रच चुकलें असावें, असें मीं म्हटलें. चूक माझी होती.

हृदय आकुंचन पावतें तेव्हां रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब हा वरचा आंकडा. तें विसावतें तेव्हां उरणारा दाब हा खालचा. १८९६ सालीं इटलीच्या रीव्हा-रोच्ची यांनीं दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची रीत काढली. म्हणून तो आजही पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतात. त्या रीतीनें वरचाच आंकडा कळे. १९०५ सालीं रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनीं पट्टा सैल होतांना रोहिणींतला आवाज नळीनें ऐकला, आणि खालचाही हातीं आला.

१२० वर ८० च्या आंतील दाब उत्तम. वरचा १४० अथवा खालचा ९० किंवा अधिक, असें निरनिराळ्या दिवशीं पुन्हां पुन्हां आढळल्यास तो विकार समजतात. जिना चढून, चहा घेऊन किंवा बोलत असतां मोजल्यास आंकडा फुगतो. यासाठीं पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि दोनदां मोजावें.

मीं आठवडाभर तसें केलें. आंकडा उतरला नाहीं. वाढलेला दाब बहुधा मुकाट्यानें मेंदू, हृदय, मूत्रपिंडें व डोळे यांची हानि करतो. आतां मीठ कमी केलें आहे. डॉक्टरांनीं दिलेलें औषध बरें वाटलें तरी सोडीत नाहीं. प्रगतिपुस्तकावर न वाचतां सही करूं नका, असें मीं पालकांना जन्मभर सांगितलें. या दोन आंकड्यांविषयींही तेंच सांगतों.