तिसरे पेडल काढताना

अमेरिकेत जुन्या पिकअपवर जीव असणाऱ्यांना शेवरलेचा सी-१० वेगळा सांगावा लागत नाही. त्यातही १९६७ ते १९७२ या वर्षांतली घडण विशेष लाडकी. यांतल्या पुष्कळ गाड्या क्लचवाल्या. काहींचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, तीन गिअरचा. कामाच्या गाड्यांत मात्र एसएम ४६५ नावाचा चार गिअरचा जड लोखंडी गिअरबॉक्स. त्याचा पहिला गिअर ६.५५, म्हणजे इंजिनचे साडेसहा फेरे झाले की प्रोपेलर शाफ्टचा एक. भरलेली गाडी चढावर हलवायला असा गिअर हवाच. गाडी रिकामी असली की सपाट रस्त्यावर चालक सरळ दुसऱ्यातच निघतात.

पण यांतल्या बऱ्याच गाड्या आता ओझी वाहत नाहीत. त्या शहराच्या सिग्नलवर थांबतात आणि त्यांच्या मालकांचे गुडघे उतारवयातले आहेत. गाडी विकायची, की ऑटोमॅटिक करून घ्यायची, एवढाच प्रश्न उरतो. मूळपण गेले म्हणून हळहळणारे जाणकार असतात. त्यांची कळकळ मला कळते, तरी शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे मूळपण जपण्यात मला अर्थ दिसत नाही. गाडी अजून माल ओढत असेल, भरून घाट उतरत असेल, तर मात्र मी एसएम ४६५ ला हात लावू देणार नाही. उतारावर त्या पहिल्या गिअरने इंजिन जशी गाडी धरून ठेवते, तशी ऑटोमॅटिकमध्ये धरवत नाही.

हा बदल सोपा जातो याचे श्रेय १९५५ सालाचे. त्या वर्षी शेवरलेचा छोटा व्ही-८ आला. त्याच्या मागच्या तोंडावर गिअरबॉक्सच्या बोल्टची जी मांडणी ठरली, ती कंपनीने पुढे कित्येक दशके सोडली नाही. १९६२ पासूनच्या सहा सिलिंडरच्या नव्या इंजिनांनाही तीच मिळाली. त्यामुळे १९६९ मध्ये आलेला टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक या पिकअपवर जोडपट्टीशिवाय बसतो.

त्याचा पहिला गिअर फक्त २.५२. मग ६.५५ ची कसर कोण भरून काढते? टॉर्क कन्व्हर्टर. तेलाने भरलेल्या या डब्यात इंजिनकडचे पाते तेल फेकते, गिअरबॉक्सकडचे पाते, म्हणजे टर्बाइन, ते झेलते, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून पुन्हा कामाला लावतो. गाडी जागची हलताना जोर साधारण दुप्पट होतो. गिअर कधी बदलायचा तेही तेलाच्या दाबावरच ठरते. गव्हर्नर वेग सांगतो. इंजिनच्या मॅनिफोल्डवरून आलेली व्हॅक्यूमची नळी इंजिनवर भार किती आहे ते सांगते. यात संगणक कुठेच नाही, म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीला तो बिनतक्रार चालतो.

हमरस्त्यावर फार फिरणारे १९८२ चा ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक पसंत करतात. त्याचा चौथा गिअर ०.७०, त्यामुळे त्याच वेगाला इंजिनचे फेरे जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतात. पण कार्ब्युरेटरपासून येणारी त्याची थ्रॉटलची केबल चुकीची बसली, तर तेलाचा दाब कमी पडतो आणि आतल्या क्लचप्लेटा जळून जातात. केबल नेमकी बसवणारा माणूस हाताशी नसेल, तर ३५० वर समाधान मानावे.

शहाणा मेकॅनिक आधी त्याच घडणीची भंगारातली ऑटोमॅटिक गाडी शोधतो. रुंद ब्रेक पेडल, स्टिअरिंगचा खांब, गिअरच्या सळ्या, गिअरबॉक्स पेलणारा आडवा मेंबर असे सगळे तिच्यातून निघते. जड फ्लायव्हील जाऊन पातळ फ्लेक्सप्लेट येते. क्रँकच्या टोकातले पायलट बुश काढावे लागते.

खरी कसोटी कन्व्हर्टर बसवताना लागते. तो गिअरबॉक्सच्या तोंडात फिरवत फिरवत आत ढकलायचा. टर्बाइनचे दाते, स्टेटरचे दाते आणि शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचा, अशा तीन ठिकाणी तो अडकून आत घसरला पाहिजे. शेवटची पायरी राहिली तरी वरून तो बसल्यासारखाच दिसतो. मग गिअरबॉक्स इंजिनला टेकत नाही, घाईत कोणी बोल्ट आवळून ओढून घेतो आणि पंप फुटतो. म्हणून बोल्ट आवळण्याआधी दोन्ही तोंडे हाताच्या जोराने मिळाली पाहिजेत. मिळाल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरावा आणि त्याच्यात नि फ्लेक्सप्लेटमध्ये तीन ते पाच मिलिमीटर फट राहावी. ती मोजल्याशिवाय पुढे जाणाऱ्या गॅरेजात गाडी देऊ नये.

प्रोपेलर शाफ्ट बहुधा नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो. तेल तापते, म्हणून ऑटोमॅटिकचा रेडिएटर किंवा वेगळा कूलर लागतो. आणि एक वायर हमखास राहून जाते: न्यूट्रल स्विचची. सेल्फ फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच लागला पाहिजे. तो तसा जोडला नाही, तर ड्राइव्हमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच पुढे झेपावते, आणि तेव्हा ती सोडवायला क्लच नसतो.