मृत्युदर कसा वाचावा : व्हिक्टोरियाकालीन लंडनचे एक उदाहरण

काही वर्षांपूर्वी, आपल्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग सुरू झाल्यानंतरच्या वार्षिक सभेत, एका ज्येष्ठ देणगीदारांनी अहवालातील तक्त्यावर बोट ठेवून विचारले, "विभाग नवा झाला आणि मृत्यू वाढले, हे कसे?" प्रश्न रास्त होता, माझे त्या दिवशीचे उत्तर मात्र अपुरे होते. एकोणिसाव्या शतकात लंडनमधील रुग्णालयांनाही असाच प्रश्न विचारला गेला होता. त्याची हकीकत येथे देत आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये जन्ममृत्यूंची शासकीय नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. १८३९ पासून सुमारे चाळीस वर्षे या नोंदींचे संकलन विल्यम फार यांनी केले. १८४१ मध्ये सुमारे १९ लाख वस्तीचे लंडन १९०१ पर्यंत ४५ लाखांवर गेले. अशा वाढत्या शहरात मृत्यूंची नुसती संख्या काहीच सांगत नाही. म्हणून दर हजार वस्तीमागे मृत्यू किती, हा हिशेब आला. शतकाच्या मध्यास लंडनचा हा दर पंचविसाच्या आसपास होता. निरोगी जिल्ह्यांचा दर १७ धरून त्यावरील मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असे फार मानीत. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने तर, लंडन वगळता, ज्या गावाचा सात वर्षांचा सरासरी दर २३ हून अधिक असेल तेथे आरोग्य मंडळ लादण्याची तरतूद केली. एका भागाकारावर कायदा उभा राहिला, याचे माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास अजूनही कौतुक वाटते.

परंतु भागाकारात अंशाइतकाच छेदही महत्त्वाचा. केन्सिंग्टनसारख्या श्रीमंत भागात जन्मदर कमी दिसे. त्याचे एक कारण असे की तेथील वस्तीत घरकामासाठी राहणाऱ्या अविवाहित तरुणी मोठ्या संख्येने मोजल्या जात. जन्म न नोंदविल्यास दंड ही तरतूद १८७४ च्या कायद्याने आली. तोवर अनेक जन्म नोंदीबाहेर राहत आणि दर हजार जन्मांमागील बालमृत्यूंचे प्रमाण त्यामुळे फुगून दिसे. तथापि हे प्रमाण केवळ नोंदींचा खेळ नव्हते. भुयारी गटारांची मोठी योजना १८५८ नंतर हाती घेतली गेली, १८६६ नंतर कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही, शतकाअखेर एकूण मृत्युदर विसाच्या खाली गेला; तरी हजारातील दीडशेच्या आसपास अर्भके पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत राहिली.

आता रुग्णालयांविषयी. ज्या भागात मोठे रुग्णालय असे, त्या भागाचा मृत्युदर चढा दिसे, कारण दूरचे रुग्ण तेथे येऊन मरत. त्याहून मोठा वाद १८६३ मध्ये झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांवरील आपल्या पुस्तकात फार यांचा तक्ता छापला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर शेकडा ९०.८४ दिला होता! वर्षभराच्या मृत्यूंना १८६१ च्या जनगणनेच्या एकाच दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. वर्षभरात बरे होऊन गेलेले हजारो रुग्ण छेदात नव्हतेच. डॉक्टरांनी कडाडून आक्षेप घेतला. रुग्णालयांतील अस्वच्छतेबद्दल नाइटिंगेलबाईंचा मुद्दा खरा होता; हा आकडा मात्र त्या मुद्द्याचा पुरावा होऊ शकत नव्हता.

आपल्या अतिदक्षता विभागाचेही असेच आहे. पूर्वी जे अत्यवस्थ रुग्ण आपण मोठ्या शहरात पाठवीत असू, त्यांतील काही वाटेतच दगावत व आपल्या तक्त्यात कधीच येत नसत. आता ते येथे दाखल होतात. काही वाचतात, काही वाचत नाहीत. अशा रुग्णांस दारातूनच परत पाठविले, तर आपला दर पुढील वर्षीच खाली आणता येईल. हे विश्वस्त मंडळासमोर मी सांगितले आहे, आणि तसे करावयाचे नाही असे मंडळाचे मत आहे.

म्हणून तक्त्यात मृत्यूंच्या शेजारी वर्षभरात घरी गेलेल्या व दगावलेल्या रुग्णांची एकत्रित संख्या दिली असून, दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत झालेले मृत्यू वेगळे दाखविले आहेत. दोन्ही स्तंभ एकत्र पाहावेत, ही विनंती. अधिक माहिती हवी असल्यास कार्यालयीन वेळेत मला अवश्य भेटावे.