चक्रवाकांच्या भेटीस जाण्यापूर्वी

पूर्वी काशीयात्रेस निघावयाचें म्हणजे गृहस्थ सहा सहा महिने तयारी करी. वाटेंतील नद्या, मुक्काम, ओळखीचीं घरें, बरोबर घ्यावयाचा शिधा, या साऱ्यांचा विचार झाल्यावर मग मुहूर्त पाहिला जाई. आगगाडीनें ती दगदग दूर केली. परंतु दगदगीबरोबर पूर्वविचारहि गेला. पक्षी पाहावयास जाणारांच्या बाबतींत ही उणीव फार जाणवते. देवाची मूर्ति बारा महिने देवळांत असते. पक्षी तसे नाहींत. त्यांचा महिना चुकला, दिवसाची वेळ चुकली, किंवा आपल्या अंगावरील कपडा फार भडक झाला, तर दर्शन नाहीं. येत्या जानेवारींत रत्नागिरीहून नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळ अभयारण्यास सहकुटुंब जाण्याचें आम्हीं ठरविलें आहे. त्या निमित्तानें जो विचार करावा लागला तो वाचकांपुढें ठेवितों. कोणास उपयोगीं पडला तर आनंदच आहे.

प्रथम स्थळाविषयीं. नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम होतो. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०७ नंतरच्या वर्षांत, एक दगडी बंधारा बांधण्यांत आला. उद्देश अर्थातच शेतीचा होता. येथून निघालेले डावा व उजवा असे दोन कालवे नगर जिल्ह्यापर्यंत पाणी नेतात. पुढें वरच्या अंगास दारणा, गंगापूर, पालखेड अशीं धरणें झालीं. नद्यांनीं आणलेला गाळ वर्षानुवर्षें बंधाऱ्याच्या पाठीशीं सांचत गेला. त्यामुळें जलाशयाची खोली कमी झाली, मधूनमधून बेटें उभीं राहिलीं, कांठानें लव्हाळे व पाणवनस्पति माजल्या. इंजिनियराच्या हिशेबीं हा शुद्ध तोटा होय. परंतु पाणपक्ष्याला खोल पाणी फारसें कामाचें नसतें. शेपूट वर करून तळ धुंडाळणाऱ्या बदकांना हात-दीड हात पाणी पुरतें. लांब पायांच्या करकोच्यांना व शराटींना त्याहून उथळ लागतें. आणि तुतवारीसारख्या चिमण्या पक्ष्यांना तर नुसता ओला चिखलच हवा असतो. हें सर्व एके ठिकाणीं जुळून आल्यामुळें दोनशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथें नोंद झाली आहे. १९८६ सालीं सरकारनें या भागास अभयारण्य ठरविलें. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं १९७१ सालीं इराणांतील रामसर या गांवीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत येथील सुमारें १,४३७ हेक्टर क्षेत्र दाखल झाल्याचें २०२० च्या जानेवारींत जाहीर झालें. तो मान मिळालेलें हें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ. लोणार व ठाण्याची खाडी मागाहून आलीं.

नांदूरला ‘महाराष्ट्राचें भरतपूर’ म्हणण्याचा प्रघात आहे. तेव्हां खऱ्या भरतपुरासच कां जाऊं नये, हा प्रश्न आमच्या घरीं निघालाच. राजस्थानांतील केवलादेव राष्ट्रीय उद्यान तें हेंच. गंमत अशी कीं, रत्नागिरीकरांस दोन्ही ठिकाणीं जावयास एकच गाडी आहे. एर्नाकुळमहून निझामुद्दीनला जाणारी मंगला एक्सप्रेस रत्नागिरीस थांबते आणि पनवेल, कल्याणवरून नाशिकरोडला नेऊन सोडते. तींतच बसून राहिलें तर ती आग्र्यास पोंचविते, व आग्र्याहून भरतपूर फार दूर नाहीं.

केवलादेव हेंहि मनुष्यनिर्मितच. भरतपूरच्या संस्थानिकांनीं शिकारीसाठीं बांध घालून तें पाणी अडविलें. लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असतांना १९३८ च्या नोव्हेंबरांत एकाच दिवसांत तेथें चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. तो आंकडा शिळेवर कोरलेला आजहि वाचावयास मिळतो. स्वातंत्र्यानंतर डॉ. सालिम अली प्रभृतींच्या खटपटीनें ती जागा रक्षिली गेली, आणि पुढें राष्ट्रीय उद्यान झाली. राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास कायद्यानें मनाई असते. ती १९८२ सालीं अंमलांत आणतांना दंगा होऊन गोळीबार झाला व कांहीं गांवकरी प्राणांस मुकले. पुढें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें वर्षानुवर्षें अभ्यास केला, तेव्हां दिसून आलें कीं, म्हशी बंद झाल्यावर गवत बेसुमार माजलें, पाण्याचा मोकळा पृष्ठभाग कमी झाला आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. रक्षण म्हणजे केवळ कुंपण नव्हे, हा धडा भरतपुरानें फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे.

नांदूर हें राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य आहे. त्यामुळें तेथें गांवें आहेत, ऊंस आहे, कांदा आहे, द्राक्षांचे मळे आहेत, आणि त्यांच्या शेजारींच पक्षी उतरतात. मनुष्यास हांकलून न देतां पक्षी कसे राखावे, हा प्रश्न तेथें रोज सोडविला जात आहे. तो पाहावा, असें मला वाटलें. शिवाय पाहुण्यांच्या घरीं जाण्यापूर्वी आपलें घर पाहिलेलें असावें. म्हणून आम्हीं नाशिकरोडलाच उतरावयाचें ठरविलें.

मला स्वतःला ओढ आहे ती चक्रवाकाची. जन्मभर संस्कृत शिकविलें, रात्रीं जोडीदाराचा वियोग सोसणारा हा पक्षी वर्गांत दरवर्षीं येत असे, आणि “गुरुजी, तो दिसतो कसा?” असें एखादा मुलगा विचारीच. त्याला मराठींत ब्राह्मणी बदक असेंहि म्हणतात. अंग केशरी-तपकिरी, डोकें फिकट, पंखांवर पांढरा व काळा रंग. तो लडाख-तिबेटाकडे वीण करतो आणि हिवाळ्यांत खालीं उतरतो. मुख्यतः रात्रीं चरणारा हा पक्षी अंधारांत चरतांना एकमेकांस सादावतो. कवींच्या विरहकल्पनेचें मूळ या हांकांत असावें, असें मानण्यास जागा आहे. दुसरा पक्षी पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो. मेघदूतांतील राजहंस पावसाच्या तोंडावर कैलासाकडे निघतात; आमचा हा पाहुणा मात्र चैत्राच्या सुमारासच परतीच्या वाटेस लागतो. कवीच्या भरंवशावर ज्येष्ठांत गेलेल्याच्या हातीं कांहीं लागावयाचें नाहीं. कारंडव, बलाका, क्रौंच या नांवांचे पक्षी नेमके कोणते, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं के. एन. दवे यांचा संस्कृत वाङ्मयांतील पक्ष्यांवरील १९८५ चा इंग्रजी ग्रंथ, आणि मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’, हीं पुस्तकें निघण्यापूर्वी चाळावीं. नांव ठाऊक असलेला पक्षी अधिक स्पष्ट दिसतो, असा अनुभव आहे.

आमच्या कुटुंबाची शंका निराळी होती. “अहो, बगळे पाहायला गोदावरीपर्यंत कशाला? भाट्याच्या खाडीवर काय कमी बसतात?” शंका रास्त आहे. भाट्याला काजळी नदी समुद्रास मिळते. हिवाळ्यांत तेथें कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, खाडींत कांदळवन आहे, खंड्या आहे, बगळे आहेत. जाण्यापूर्वी चार रविवार तेथें दुर्बिणीचा सराव करावा, हें तर मी नातवाला सांगूनच ठेविलें आहे. परंतु खारें पाणी व भरती-ओहोटी यांचे पक्षी निराळे, गोड्या व संथ पाण्याचे निराळे. चक्रवाक पाहावयाचा तर घाट चढावाच लागतो. राहिला तीर्थाचा प्रश्न. नांदूर गांवीं मध्यमेश्वराचें जुनें देऊळ नदीकांठींच आहे, व त्यावरूनच गांवास नांव पडलें आहे. हें कळल्यावर घरांतील विरोध बराच निवळला.

आतां व्यवहार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. त्यांतहि जानेवारी उत्तम. गाडीचें आरक्षण साठ दिवस आधीं सुरू होतें. वृद्धांनीं खालचा बर्थ त्याच वेळीं मागावा. नाशिकांत एक रात्र विश्रांति घ्यावी, दुसऱ्या दिवशीं सायखेड्याच्या बाजूनें चापडगांव गांठावें. तेथें वनखात्याचें माहितीकेंद्र आहे, पाण्याच्या कडेला निरीक्षणाचे मनोरे आहेत आणि गांवांतील तरुण वाटाड्याचें काम करतात. वाटाड्या घ्यावाच. त्याची दृष्टि तयार असते, आणि त्याच्या पदरीं चार पैसे पडले कीं पक्षी राहावे असें गांवालाहि वाटूं लागतें. सुटीचा दिवस टाळावा. सूर्योदयाच्या वेळीं मनोऱ्यावर असावें. ऊन चढल्यावर वाफेमुळें दूरचें चित्र थरथरतें.

जाण्यापूर्वी पाण्याची चौकशी अवश्य करावी. कालव्याचें आवर्तन चालूं असलें म्हणजे पातळी उतरते, चिखल उघडा पडतो व तुतवाऱ्या जमतात; पाणी भरलेलें असलें म्हणजे बदकें अधिक दिसतात.

कोंकणस्थ वाचकांस एक विशेष सूचना. निफाडची थंडी ही आपल्या समजुतींतील थंडी नव्हे. तेथें पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा रात्रीं द्राक्षांचे घड वांचविण्यासाठीं शेतकरी मळ्यांत शेकोट्या पेटवितात. आपल्या घरीं असते ती एक शाल पुरणार नाहीं. लोकरीची बंडी, कानटोपी, पायमोजे बरोबर घ्यावेत. रंग मातीचा किंवा पानाचा असावा. दुर्बीण आठ पट मोठें दाखविणारी व चाळीस मिलिमीटर भिंगाची पुरे. त्याहून प्रबळ दुर्बीण म्हाताऱ्या हातांत स्थिर राहत नाहीं.

हातांविषयीं लिहिलें, तसेंच डोळ्यांविषयींहि लिहावें लागेल. माझ्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदू गतवर्षीं काढला. डाव्या डोळ्याचा पडदा क्षीण होत चालला आहे, आणि तो पूर्ववत् होण्यासारखा नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, पुढल्या वर्षीं सावकाश जाऊं.” मीं त्यास इतकेंच उत्तर दिलें कीं, पक्षी पुढल्या वर्षींहि येतील, पाहणाराचें सांगवत नाहीं. दौऱ्याचा महिना ठरला तो असा.

पक्ष्यांविषयीं जें निःशंकपणें म्हटलें, तेंहि पूर्णतः खरें नाहीं. भरतपुरास दर हिवाळ्यांत सैबेरियांतून शुभ्र क्रौंच येत असत. त्यांची संख्या घटत घटत २००२ सालीं शेवटची जोडी दिसली. त्यानंतर कोणी आलें नाहीं. नांदूरचें पाणी नाशिक शहराच्या खालच्या अंगास आहे. रामकुंडांत आपण जें सोडतों, शहराच्या गटारांतून जें नदींत येतें, तें वाहत वाहत याच उथळ पाण्यांत येऊन स्थिरावतें. मैलापाण्याच्या खतावर जलपर्णी फोंफावते, आणि तिनें पाणी झांकलें कीं बदकांना उतरावयास जागा उरत नाहीं. २०२७ च्या सिंहस्थाचीं स्नानपर्वें पावसाळ्यांत येतात आणि पक्षी हिवाळ्यांत, म्हणून यात्रेकरू व पाहुणे यांची गांठ पडत नाहीं इतकेंच. पाणी दोघांचें एकच आहे. आमच्या घरीं याचा निर्णय झाला आहे. रामकुंडावर स्नान-दर्शन होईल, पण निर्माल्य, द्रोण, प्लॅस्टिकची पिशवी यांपैकीं कांहीं एक नदींत पडणार नाहीं. हें आमच्या कुटुंबानेंच सांगितलें, आणि नातवाकडून वदवूनहि घेतलें.

सामानाच्या यादींत शेवटची वस्तु एक शंभर पानी वही आहे. दिसलेला पक्षी, वेळ, जागा व संख्या नातवानें तींत लिहावयाची. अक्षर मी तपासणार. वहीचें पहिलें पान कोरें ठेविलें आहे. त्यावर चक्रवाकाचें नांव यावें, अशी माझी इच्छा आहे. परंतु तुतवारी आधीं दिसली तर तुतवारीच लिहावी, असें त्याला बजावलें आहे.