सिलिंडरची झीज कशी जोखायची? जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडल्यावर

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आजचा विषय छोटा आहे, पण पैशाचा आहे. नाशिककडच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून फिरणारा जुना छोटा डिझेल ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर डाउनीची भीती असते, तिथे फवारणी पुढे ढकलता येत नाही. आणि नेमकं तेव्हाच इंजिन ऑइल प्यायला लागतं, ब्रीदरमधून धूर मारतं, सकाळी स्टार्ट व्हायला रडतं. हेड काढून झालं. आता नुसत्या रिंगा टाकून भागेल, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, की लायनरच बदलायचा? तिन्हींच्या खर्चात मोठी तफावत आहे. आणि निर्णय चुकला तर ऐन हंगामात इंजिन पुन्हा खाली उतरवावं लागतं.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाला, पिस्टन वर येऊन क्षणभर थांबतो तेव्हा पहिली रिंग जिथे असते तिथे होते. का? पिस्टनचा वेग तिथे शून्य होतो, त्यामुळे ऑइलचा पडदा टिकत नाही. त्यात जळणाऱ्या गॅसचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. उष्णताही तिथेच सगळ्यात जास्त. खाली जावं तशी झीज कमी होत जाते. म्हणजे बोअर वर रुंद, खाली अरुंद होतो. याला आपण टेपर म्हणतो.

दुसरी गोष्ट, तो गोलही राहत नाही. पॉवर स्ट्रोकला कनेक्टिंग रॉड तिरका असतो, म्हणून पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो. त्यामुळे क्रँकला आडव्या दिशेत झीज जास्त, क्रँकच्या लांबीच्या दिशेत कमी. ही ओव्हॅलिटी.

अगदी वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ मापाची एक पट्टी शिल्लक राहते. नख खालून वर फिरवा, पायरी लागेल. नख अडकलं म्हणजे झीज आहे एवढं नक्की, पण किती आहे ते नख सांगत नाही. शिवाय त्या काठावर काजळी जमून बसलेली असते, आधी ती साफ करा. ही पायरी तशीच ठेवून नव्या रिंगा टाकल्या, तर नव्या रिंगेची कोरी धार तिच्यावर आदळते. रिंग तुटते, कधी पिस्टनची लँडही सोबत जाते. 'स्वस्तात काम' महाग पडतं ते इथे.

आता मोजायचं. हत्यार म्हणजे बोअर डायल गेज, आणि तो मायक्रोमीटरवर सेट केलेला. तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांत, अशी सहा मापं घ्या आणि कागदावर लिहा. ब्लॉक उन्हात तापलेला नको. 80 मिमीचा बोअर 20 अंशांनी तापला तर जवळजवळ 0.02 मिमी मोठा दिसतो.

एक उदाहरण धरू. बोअर 80 मिमीचा. तळाला न झिजलेल्या भागात 80.02, वर आडव्या दिशेत 80.18, लांबीच्या दिशेत 80.11. म्हणजे टेपर 0.16, ओव्हॅलिटी 0.07. मर्यादा प्रत्येक इंजिनच्या मॅन्युअलमध्ये वेगळी असते, तीच पाहायची. पण या आकाराच्या इंजिनात इतका टेपर असेल तर मी नुसत्या रिंगा टाकणार नाही. पिस्टन वर-खाली होताना रिंगेला प्रत्येक फेरीत उघडावं-मिटावं लागेल, आणि ती लवकरच दमेल.

डायल गेज नसेल तर? रिंगेची युक्ती आहे. एक रिंग तळाशी ठेवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा, तोंडातली फट फिलर गेजने मोजा. मग तेच वर, पायरीच्या जरा खाली. दोन फटींतला फरक भागिले 3.14, म्हणजे व्यासातला फरक. आपल्या उदाहरणात तळाला 0.35, वर 0.74. फरक 0.39, भागिले 3.14, आले साधारण 0.12. पण डायल गेज तर 0.16 म्हणत होता! रिंग परिघ मोजते, म्हणून ती सरासरी देते आणि ओव्हॅलिटी लपवते. अंदाजाला ठीक आहे, पण आकडा मर्यादेच्या जवळ आला की लेथवाल्याकडून गेज लावूनच घ्या.

बोअर करायचं ठरलं तर 0.25 ओव्हरसाइज पुरेल का? 0.18 झिजलंय, 0.25 मोठं आहे, पुरेल असं वाटतं. थांबा. झीज बहुतेक एकाच बाजूला असेल तर तिथली भिंत मूळ केंद्रापासून 40.17 वर गेली. केंद्र न हलवता ती साफ करायला व्यास किमान 80.34 हवा. म्हणजे 0.50 चा पिस्टन. आणि पिस्टन आधी आणून द्या, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्या. उलटं नको. लायनर वेट असेल, म्हणजे बाहेरून पाण्यात असेल, तर बाहेरची बाजूही बघा. तिथे खड्डे पडले असतील तर आतलं माप कितीही चांगलं आलं तरी तो लायनर गेला.

कधीकधी बोअर मापात येतो आणि तरी इंजिन ऑइल पितं. मग पिस्टनच्या खाचेत नवी रिंग ठेवून बाजूची फट बघा, खाचाच रुंद झालेल्या असतात.

शेवटचं, झीज आली कुठून? वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग फार झिजलाय, खालच्या रिंगा बऱ्या आहेत, तर धूळ हवेतून आली. ऑइल बाथमधलं ऑइल, फिल्टर आणि मॅनिफोल्डमधला रबरी होज, त्याचे क्लिप तपासा. बेअरिंगांवर आणि खालच्या रिंगांवर ओरखडे असतील तर घाण ऑइलमध्ये होती. होज वाकवून बघा, चीर सरळ असताना दिसत नाही.

हं, विचारा प्रश्न.